कशावरून? : मुलांशी चित्रांबद्दल बोलताना

(शिक्षक आणि पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला काही भाग दिला आहे.)



सुरुवातीलाच तुम्हाला एक काम देतो. समोर पडद्यावर एक चित्र लावलंय. एक मिनिट नुसतं बघायचं. मोबाइल खाली ठेवा, शेजारच्याशी बोलायचं नाही. मी घड्याळ लावतो.

(एक मिनिट शांतता.)

झालं. एक मिनिट किती मोठं असतं, बघितलंत ना? आता सांगा, काय दिसलं? ... ‘सुंदर आहे.’ बरं. ... ‘राजा रविवर्मा.’ बरं. ... ‘जुन्या काळातलं आहे.’ ठीक.

मंडळी, तीन उत्तरं आली, आणि चित्रात काय आहे हे एकातही आलं नाही. पहिलं उत्तर म्हणजे निकाल. दुसरं चित्रकाराचं नाव, तेही चुकीचं. त्याकडे मी नंतर येतो. तिसरा अंदाज. हेच चित्र मी पाचवीच्या वर्गात लावतो तेव्हा पहिला हात वर येतो आणि आवाज येतो, ‘सर, बाईच्या हातात दिवा आहे!’ आणि मागून दुसरा, ‘सर, लाइट गेलीय!’ सगळे हसतात. पण या दोघांनी तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त काम केलेलं असतं. त्यांनी चित्र बघितलेलं असतं.

आजचा विषय हाच आहे. मुलांना चित्र काढायला आपण थोडंफार तरी शिकवतो. चित्र बघायला आणि बघितलेल्याबद्दल बोलायला शिकवतो का? आणि ते शिकवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

‘टीका’ या शब्दाचं काय झालं

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. मुलांना चित्राची समीक्षा करायला शिकवायचं म्हटलं, की पालक जरा बिचकतात. ‘एवढीशी मुलं, ती काय टीका करणार? आणि कशाला करायची?’ टीका म्हणजे नावं ठेवणं असं आपल्या डोक्यात बसलंय. पण ज्ञानेश्वरीला आपण काय म्हणतो? गीतेवरची टीका. ज्ञानेश्वरांनी गीतेला नावं ठेवली नाहीत. गीतेत काय आहे, ते त्यांनी आपल्या लोकांना आपल्या भाषेत उलगडून दाखवलं. टीकेचा जुना अर्थ हा आहे, आणि मुलांना शिकवायची आहे ती ही टीका. समोर जे आहे ते उलगडायचं. आवडलं की नाही, ही त्यानंतरची गोष्ट.

कवितेच्या बाबतीत आपण हे मान्य केलंय. दहावीच्या मराठीच्या पेपरात कवितेचं रसग्रहण असतं. ते मुलं गाइडमधून पाठ करतात हा भाग वेगळा; पण निदान ते करायचं असतं, एवढं तरी ठरलंय. चित्राबाबत तेवढंही नाही. आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएटची मोठी परंपरा आहे. वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र. खेड्यापाड्यांतली मुलं या परीक्षांमुळे ब्रश हातात धरायला शिकली, त्यातून कितीतरी जण पुढे चित्रकार झाले. मला त्या परंपरेबद्दल आदर आहे. पण त्यात हाताची परीक्षा होते. चित्रापुढे उभं राहून मुलाला काय सुचतं, याला तिथे जागा नाही. वर्गातली पाच मुलं उत्तम चित्रं काढतील. उरलेली पस्तीस काढणार नाहीत, पण आयुष्यभर चित्रं बघणार आहेत : जाहिराती, पोस्टर, फोनवर येणारे फोटो. त्यांचं काय?

तीन साधे प्रश्न

अमेरिकेत १९८०च्या दशकात फिलिप येनावाइन हे न्यू यॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’मध्ये शिक्षण विभागाचे प्रमुख होते. संग्रहालयात तज्ज्ञ लोक चित्रांची माहिती सांगत, लोक आवडीने ऐकत, आणि बाहेर पडल्यावर त्यांच्या डोक्यात फारसं काही उरत नसे. हे लक्षात आल्यावर येनावाइन यांनी अ‍ॅबिगेल हाउसेन या मानसशास्त्रज्ञ बाईंबरोबर एक पद्धत तयार केली. माणसं चित्र बघताना काय विचार करतात, याचा हाउसेन यांचा अभ्यास होता. त्या पद्धतीत शिक्षक माहिती सांगत नाही. तो तीन प्रश्न विचारतो. मी आपल्या मराठीत सांगतो :

एक, या चित्रात काय चाललंय?
दोन, कशावरून म्हणतोस?
तीन, अजून काय दिसतं?

संपलं. इतकंच. यातला मधला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आणि बघा, इंग्रजीत त्यासाठी लांबलचक वाक्य लागतं. आपल्याकडे एक शब्द पुरतो, ‘कशावरून?’ आजीपासून न्यायाधीशापर्यंत सगळे तो वापरतात. इथे ‘का?’ विचारू नका. ‘का’ म्हटलं, की मुलाला वाटतं आपलं काहीतरी चुकलं आणि आता जाब द्यायचाय. ‘कशावरून’ म्हटलं, की त्याची नजर परत चित्राकडे जाते.

शिक्षकाने आणखी दोन कामं करायची. मूल बोलत असेल तेव्हा ते ज्याबद्दल बोलतंय ती जागा चित्रात बोटाने दाखवायची, म्हणजे सगळ्यांचे डोळे तिथे जातात. आणि मुलाचं म्हणणं आपल्या शब्दांत एकदा परत सांगायचं. त्यात दुरुस्ती करायची नाही, ‘बरोबर’ म्हणायचं नाही, ‘शाब्बास’ही म्हणायचं नाही. हे ‘शाब्बास’ न म्हणणं फार अवघड जातं. पण एकाला शाब्बास म्हटलं, की बाकीचे चित्राऐवजी तुमच्या चेहऱ्याकडे बघायला लागतात.

दिवा, हात आणि वारा

आता पडद्यावरच्या चित्राकडे परत या. एक बाई उभी आहे, साडी नेसलेली. एका हातात पेटता दिवा, दुसरा हात ज्योतीच्या आड धरलेला. उजेड तिच्या बोटांमधून येतो, चेहऱ्यावर पडतो.

वर्गात काय झालं ते सांगतो. एक मुलगी म्हणाली, ‘बाहेर वारा सुटलाय.’ कशावरून? ‘तिने हात आडवा धरलाय, दिवा विझू नये म्हणून.’ चांगला पुरावा आहे. लगेच एक मुलगा उठला, ‘मला नाही पटत. वारा असता तर पदर उडाला असता. पदर हलत नाहीये.’ हाही पुरावाच. आता वर्गाचे दोन तट पडले. मी गप्प. थोड्या वेळाने, एरवी कधी न बोलणारी एक मुलगी म्हणाली, ‘सर, ती चालतीय. वारा नसला तरी आपण दिवा घेऊन चाललो की ज्योत मागं जाते. आमच्यात तुळशीपाशी दिवा नेताना मी असाच हात धरते.’

सगळा वर्ग उठून हात आडवा धरून बघायला लागला.

इथे काय झालं? एकाने अंदाज केला, पुरावा दिला. दुसऱ्याने त्याच चित्रातला दुसरा पुरावा देऊन तो खोडला. तिसरीने दोन्ही पुरावे मान्य करून त्यांना जोडणारा अर्थ सांगितला, आणि तो तिच्या रोजच्या अनुभवातून आला. कुणी कुणाला ‘गप्प बस’ म्हणालं नाही. ‘मला नाही पटत’ म्हणून झाल्यावर ‘कारण’ आलं. आपल्या मोठ्यांच्या किती चर्चा अशा होतात, ते तुम्हीच बघा.

आणि तो ‘लाइट गेलीय’वाला? त्यालाही मी विचारलं, कशावरून? तो म्हणाला, ‘मागे सगळा अंधार आहे, दुसरा उजेडच नाही.’ म्हणजे विनोद करता करता त्याने चित्रातली सगळ्यात मोठी गोष्ट पकडली होती : या सगळ्या चित्रात उजेडाचा उगम एकच आहे.

माहिती कधी सांगायची?

माहिती सांगायची, पण नंतर. मुलांची भूक वाढल्यावर. हे चित्र राजा रविवर्म्याचं नाही. ते सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं आहे, आपल्या सावंतवाडीच्या मातीतल्या चित्रकाराचं. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या संग्रहालयात ते आहे. वर्षानुवर्षं लोक ते रविवर्म्याचं समजत आले, आजही समजतात. तुमच्यातही तेच झालं. रविवर्मा १९०६ साली वारले. हे चित्र १९४५च्या सुमाराचं. समोर दिवा घेऊन उभी राहिली होती ती हळदणकरांची स्वतःची मुलगी.

ही गोष्ट सांगितली की मुलं विचारतात, ‘मग लोकांना कळलं कसं नाही?’ मी म्हणतो, लोकांनी नाव आधी ऐकलं आणि चित्र नंतर बघितलं. आपण उलटं करू.

दुसरी माहिती त्याहून उपयोगाची. हे चित्र तैलरंगात नाही, जलरंगात आहे. इथे मुलं दचकतात, कारण जलरंगाची पेटी सगळ्यांकडे असते. पारदर्शक जलरंगात उजेड दाखवायचा तर कागद मोकळा ठेवावा लागतो. एकदा गडद रंग बसला, की तिथला उजेड गेला. म्हणजे कुठे उजेड ठेवायचा हे चित्रकाराला आधीच ठरवावं लागतं. मुलांनी हे स्वतः बिघडवून बघितलेलं असतं. त्यामुळे आता ती पुन्हा चित्राकडे बघतात तेव्हा वेगळं बघतात : ‘सर, बोटांच्या कडा कशा राखल्या असतील?’ ही समीक्षा आहे, मंडळी. चित्र कसं घडलं असेल असं मूल विचारतं, तेव्हा ते कौतुकाच्या पुढे गेलेलं असतं.

आवडणं आणि चांगलं असणं

एडमंड फेल्डमन नावाच्या अमेरिकन कलाशिक्षकाने समीक्षेच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. आधी वर्णन : काय काय दिसतं. मग रचना : रंग, रेषा, जागा एकमेकांशी कशा वागतात. मग अर्थ. आणि सगळ्यात शेवटी निर्णय. आपण काय करतो? चौथ्या पायरीवर उडी मारतो आणि तिथेच बसतो.

वरच्या वर्गांत मी एक चित्र मुद्दाम घेतो, पिकासोचं ‘गेर्निका’. जवळजवळ साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद चित्र आहे ते. छोट्या प्रिंटवर त्याचा आकार कळत नाही, म्हणून आधी शाळेच्या पटांगणात खडूने तेवढा चौकोन आखायचा आणि मुलांना त्यात उभं करायचं. मग प्रिंट बघायची. एक मुलगा पाच मिनिटं बघून म्हणाला, ‘मला हे आवडत नाही.’ कशावरून? ‘रंगच नाहीत. सगळे ओरडतायत. त्या बाईचं बाळ मेलंय. घोडापण ओरडतोय.’ दुसरी म्हणाली, ‘पण हे आवडायला काढलेलंच नाही वाटत.’

मग मी सांगितलं, की २६ एप्रिल १९३७ला स्पेनमधल्या गेर्निका गावावर विमानांनी बॉम्ब टाकले, आणि त्यानंतर पिकासोने हे काढलं. पुढचा प्रश्न मुलांचाच : ‘पण यात विमान नाही, बॉम्ब पण नाही. का नाही?’ त्यावर वर्ग अर्धा तास बोलला. माझ्याकडे त्याचं एक उत्तर नव्हतं आणि ते असायची गरजही नव्हती.

एवढं मात्र त्यांना कळलं, की एखादं चित्र मला आवडत नाही आणि तरीही ते चांगलं असू शकतं. उलटही होऊ शकतं. ज्या मुलाला हे चौदाव्या वर्षी कळलं, त्याला पुढे माणसांबद्दल आणि पुस्तकांबद्दलही ते कळण्याची शक्यता असते.

एकमेकांच्या चित्रांबद्दल

आता अवघड भाग. पिकासोला काही म्हटलं तर तो वाईट वाटून घ्यायला इथे नाही. शेजारच्या बाकावरचं मूल आहे.

इथे मला माझीच चूक सांगायला हवी. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. ‘माझं घर’ असा विषय दिला होता. सहावीतल्या एका मुलाने घर काढलं, आजी काढली, शेळी काढली, आणि कागदाच्या वरच्या कोपऱ्यात अगदी बारीक एक माणूस. शेळीपेक्षा लहान. मी विचारलं, हे कोण? ‘पप्पा.’ मी म्हणालो, ‘अरे, पप्पा शेळीपेक्षा लहान असतात का?’ वर्ग हसला. मी त्याच्या हातातली पेन्सिल घेतली, तो माणूस खोडला आणि आजीच्या शेजारी बरोबर मापात काढून दिला. मला वाटलं, मी शिकवलं.

तास संपल्यावर त्याच्या गल्लीतली एक मुलगी आली आणि म्हणाली, ‘सर, त्याचे पप्पा लहान नाहीत. लांब आहेत. ऊसतोडीला गेलेत.’

त्याचं चित्र बरोबर होतं. त्याने अंतर काढलं होतं. आणि मी त्याच्या वडिलांना उचलून घरात आणून बसवलं होतं, खोटंच. त्या वर्षात तो मुलगा पुन्हा आपणहून चित्र दाखवायला आला नाही. मी त्याची माफी मागितली, पण खोडलेलं ते खोडलेलंच.

त्यातून मी काही नियम केले. ते सांगतो, पटतील ते घ्या.

पहिला : दुसऱ्याच्या कागदाला आपली पेन्सिल लावायची नाही. शिक्षकाने तर नाहीच. काही करून दाखवायचं असेल तर वेगळा कागद घ्यायचा.

दुसरा : चित्र भिंतीवर लावलं, की काढणारा आधी गप्प बसतो आणि बाकीचे फक्त दिसतं ते सांगतात. ‘वर कोपऱ्यात एक छोटा माणूस आहे.’ बस. आपल्या चित्रात लोकांना काय दिसलं आणि काय दिसलंच नाही, हे काढणाऱ्याला यातून कळतं. कितीतरी वेळा सुधारणा तिथेच होते, कुणी काही न सुचवता.

तिसरा : मग काढणाऱ्याला प्रश्न. ‘हा माणूस एवढा लहान का ठेवलास?’ इथे ‘का’ चालतो, कारण ज्याला उत्तर माहीत आहे त्यालाच तो विचारलाय. पण ‘सांगायचं नाही’ हेही उत्तर असू शकतं, आणि ते मान्य करायचं.

चौथा : सूचना काढणाऱ्याने मागितली तरच, आणि एका वेळी एकच. आणि ती त्याला जे करायचं होतं त्याच्या बाजूने. ‘पप्पा लांब आहेत असं दाखवायचंय ना? मग मध्ये रस्ता काढला तर?’ अशी.

‘छान’, ‘मस्त’, ‘घाण’ हे तीन शब्द त्या तासापुरते बंद. सुरुवातीला मुलांची फार पंचाईत होते. मग हळूहळू दुसरे शब्द येतात : गर्दी, मोकळं, जड, फिकट, भडक, दाटलेलं. मुलं घरच्या बोलीत बोलली तर अडवू नका. ‘रंग लई अंगावर येतोय’ हे वाक्य कुठल्याही समीक्षकाने लिहावं इतकं नेमकं आहे.

साधनं

प्रोजेक्टर नाही म्हणून अडत नाही. जुनी कॅलेंडरं आहेत, बालभारतीच्या पुस्तकांतली चित्रं आहेत. पहिली-दुसरीत आपण चित्रवाचन घेतोच. ते तिसरीत बंद का करायचं? वारली चित्र घ्या. चेहऱ्यावर भाव नाहीत, अंग म्हणजे दोन त्रिकोण. तरी तारपा वाजतोय आणि लोक नाचतायत हे लगेच कळतं. कशावरून? मुलं कंबरेचा बाक दाखवतात, एकमेकांत अडकलेले हात दाखवतात, रांगेचं वळण दाखवतात. ब्रूगेल या चित्रकाराचं १५६०चं ‘मुलांचे खेळ’ हे चित्र मिळालं तर सोडू नका. दोनशेहून जास्त मुलं त्यात खेळतायत. आपल्याकडचे खेळ त्यात शोधायला लावा. आणि साताऱ्याकडे सहल गेली तर औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात जा. तिथे रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. पण एक करा : सगळं संग्रहालय रांगेने फिरवू नका. तीनच चित्रं निवडा, प्रत्येकीपुढे दहा मिनिटं खाली बसा.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न : मुलं काहीही बोलतील. यात चुकीचं उत्तर नसतंच का?*

असतं. जे चित्रात दाखवता येत नाही, ते टिकत नाही. ‘ती रडतेय’ म्हटलं तर अश्रू दाखव, किंवा डोळे, खांदे दाखव. नाही दाखवता आलं तर मूल स्वतःच म्हणतं, ‘मला तसं वाटलं होतं.’ चूक शिक्षक काढत नाही, चित्र काढतं. एकाहून जास्त उत्तरं बरोबर असू शकतात. पण सगळीच बरोबर असतात असं नाही.

*प्रश्न : अभ्यासक्रम पुरा होत नाही. वेळ कुठून आणायचा?*

आठवड्यातून एकदा, पंधरा मिनिटं, एक चित्र. मराठीचा तास वापरा. मुलं पुराव्यानिशी पूर्ण वाक्यात बोलतात, हे मराठीचंच काम आहे. गुण देऊ नका. गुण आले की गाइड येईल.

*प्रश्न : माझी मुलगी चार वर्षांची आहे. रोज चित्र आणून दाखवते. ‘छान’ नाही म्हणायचं, तर काय म्हणायचं?*

म्हणा हो, ‘छान’ म्हटल्याने काही बिघडत नाही. पण स्वयंपाक करता करता, मागे न बघता म्हणू नका. तिला ते कळतं. दिवसात एकदा हात पुसून खाली बसा आणि जे दिसतंय ते सांगा. ‘इथे खूप निळं आहे. हे गोल गोल काय आहे, सांगशील मला?’ आणि मग ऐका. चार वर्षांचं मूल अशा वेळी जे बोलतं, ते लिहून ठेवा, कागदाच्या मागे, तारीख घालून. दहा वर्षांनी तिला दाखवा.

वेळ संपली, मागून खूण होतेय. आणि बाहेर जिन्यात इथल्या मुलांची चित्रं लावली आहेत. घाई नसेल, तर एखाद्या चित्रापाशी एक मिनिट थांबा.